प्रवासात मूल गप्प बसवण्याचं औषध मागू नका

दिवाळीची सुट्टी, लग्नसराई, होळी आणि सारंगखेड्याची यात्रा. वर्षातून या चार वेळा दवाखान्यात एक मागणी हमखास वाढते. मूल आजारी नसतं. ताप नाही, खोकला नाही. आई किंवा बाबा हळूच विचारतात, "डॉक्टर, उद्या सुरतला जायचंय. गाडीत फार त्रास देतो. झोप लागेल असं काहीतरी लिहून द्या ना." काही जण तर विचारायलाही येत नाहीत. घरातली सर्दीची जुनी बाटली काढतात, एक झाकण पाजतात आणि गाडीत बसतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. ते का, हे सविस्तर लिहितो. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून" एवढ्यावर कोणी थांबू नये.

गुंगी म्हणजे झोप नव्हे

लोक ज्याला झोपेचं औषध समजतात ते बहुधा सर्दीचं किंवा ॲलर्जीचं सिरप असतं. त्यात क्लोरफेनिरामाइन किंवा प्रोमेथाझिनसारखी औषधं असतात. गुंगी येणं हा त्यांचा दुष्परिणाम आहे, आणि आपण नेमका तोच वापरायला निघतो.

प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देऊच नये, कारण त्यामुळे श्वास मंदावून बाळ दगावू शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्येच हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक छापायला लावला. आपल्याकडे 2023 च्या डिसेंबरमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं एकत्र मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. त्याच सुमारास आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाले. ती मुलं निदान आजारी होती. तुमचं मूल तर निरोगी आहे. त्याला बाटलीतलं काहीही पाजण्याचं कारणच काय?

आता गाडीतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. गुंगीतल्या बाळाची मान पुढे कलंडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जागं बाळ मान उचलतं, कुरकुरतं. गुंगीतलं बाळ उचलत नाही. घाटात उलटी झाली तर जागं मूल तोंड वळवतं, गुंगीतल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडी भट्टीसारखी तापते. जागं मूल तहान लागली की रडतं. गुंगीतलं मूल पाणी मागत नाही आणि आई म्हणते, "किती शहाण्यासारखा झोपलाय!"

काही मुलांना तर ही औषधं उलटी पडतात. झोपायचं सोडून ती जास्तच चिडचिडी होतात. मग "एका झाकणाने काही झालं नाही" म्हणून दुसरं झाकण दिलं जातं. विषबाधेची वाट इथूनच सुरू होते.

रडणं हा आजार नाही, तो निरोप आहे. भूक, तहान, उकाडा, ओली लंगोटी, दुखणारा कान, कंटाळा, यांपैकी काहीतरी बाळ कळवत असतं. निरोप ऐकायचा नाही म्हणून निरोप्याचंच तोंड बांधायचं, हा कुठला न्याय?

ही खोड आजची नाही

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स यांनी गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जात असल्याचं पुढे आलं. त्या आया निर्दय नव्हत्या. बाळ सांभाळायला कोणी नव्हतं आणि पाळी चुकली तर पगार जात होता. गरज गिरणीची होती आणि गोळी बाळाच्या तोंडात जात होती.

आज बाटलीवर छान फळाचं चित्र असतं आणि चव स्ट्रॉबेरीची असते. हिशोब मात्र तोच आहे: मोठ्यांची सोय आणि पोराच्या तोंडात औषध.

मोबाइल: कमी वाईट, पण फुकट नाही

"मग मोबाइल देऊ का?" हा पुढचा प्रश्न. सिरप आणि मोबाइल यांत निवडायचंच झालं तर मी मोबाइलच निवडेन, कारण मोबाइलने श्वास बंद पडत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाने पाच तासांच्या प्रवासात वीस मिनिटं चित्रफीत पाहिली म्हणून त्याच्या मेंदूचं काही वाटोळं होत नाही. पण गाडी सुटताच हातात दिलेला आणि उतरताना हिसकावून घेतलेला मोबाइल ही वेगळी गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊ नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही साधारण हेच सांगते. त्याच 2019 च्या मार्गदर्शनात एक वाक्य आहे, ज्याकडे कोणी पाहत नाही: लहान मुलाला सलग एका तासापेक्षा जास्त वेळ एका जागी जखडून ठेवू नये. म्हणजे अडचण फक्त स्क्रीनची नाही, न हलण्याचीही आहे. मोबाइलमुळे आपल्याला ती दिसत नाही, इतकंच.

शिवाय घाटात मोबाइल म्हणजे उलटीला आमंत्रण. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या घाटात, किंवा शहाद्याहून तोरणमाळला चढताना, कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, "आपण वळतोय, डोलतोय." डोळे स्क्रीनवर खिळलेले असतील तर ते सांगतात, "आपण स्थिर आहोत." दोन साक्षीदार दोन जबान्या देतात, मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. उपाय सोपा आहे: पुढची जागा, उघडी खिडकी, दूरवरच्या डोंगराकडे नजर आणि निघण्यापूर्वी हलकं खाणं. वडापाव-भजी नकोत, आणि पोट अगदी रिकामंही नको. एखाद्याला दर वेळी फारच उलट्या होत असतील तर जरूर दाखवायला आणा. वय आणि वजन पाहून औषध देता येतं. ते उलटीसाठी असेल, गप्प बसवण्यासाठी नाही.

ज्याला तिकीट नाही त्याला खिडकी नाही

एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, रेल्वेतही नाही. चांगली सवलत आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की त्याला स्वतःची जागा नाही. जागा नाही म्हणून खिडकी नाही. आईच्या मांडीवर, समोरच्या बाकाच्या पत्र्याकडे तोंड करून, बाजूला दोन पिशव्या आणि पायाशी बोचकं अशा स्थितीत तीन तास काढायचे. मोठ्या माणसाला असं बसवलं तर तोही रडेल. फक्त शब्दांत रडेल.

आणि बाबा कुठे असतात? बऱ्याचदा खिडकीशी. हे मी रागाने लिहितोय आणि रागानेच वाचा. मूल "आईला त्रास देतं", कारण ते पूर्ण वेळ आईकडेच असतं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्या वाचलेल्या पैशांत गर्दीच्या दिवशी मुलासाठी एक जागा घेता येते का, याचा घरात विचार करा. तेही जमत नसेल तर खिडकी मुलाला द्या आणि अर्धा प्रवास मूल बाबांच्या मांडीवर ठेवा. यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

शेजारच्या प्रवाशांनाही एक सांगायचंय. बाळ रडलं की माना वळवून पाहणं थांबवा. त्या नजरांना घाबरूनच आई बाटली उघडते. "द्या इकडे, मी घेतो थोडा वेळ" हे वाक्य आपल्या भागात अजून जिवंत आहे. ते वापरा.

मग काय करायचं?

*एक वर्षापर्यंत:* याला करमणूक लागत नाही, माणूस लागतो. अंगाशी धरा, अंगावर पाजा, तुमच्या बोलीत गुणगुणा. पावरी, मावची, भिली, अहिराणी, गुजर, जी घरची असेल ती. बसस्थानकात हिरकणी कक्ष असेल तर तिथे निवांत पाजून घ्या, आणि तो बंद दिसला तर उघडायला लावा.

*एक ते तीन वर्षं:* दर दहा मिनिटांनी नवं काहीतरी हवं. सगळी खेळणी एकदम बाहेर काढू नका, पिशवीतून एकेक काढा. रुमालाचा उंदीर, वाटी-चमचा, झाकणाचा डबा, जुनं पाकीट. नवं विकत काही घेऊ नका. तासा-दीड तासाने गाडी थांबली की मुलाला खाली उतरवा आणि पाच मिनिटं पळू द्या. मूल दमलं की आपोआप झोपतं, आणि ती झोप खरी असते.

*तीन ते सहा वर्षं:* खिडकी हीच शाळा. नंदुरबारबाहेर वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या दाखवा. प्रकाशाला तापीचा पूल आला की पाणी किती आहे ते विचारा. बैल मोजा, ट्रॅक्टर मोजा, ताडाची झाडं मोजा. सुरतच्या गाडीत स्टेशनं पाठ करून घ्या: चिंचपाडा, नवापूर, उकई-सोनगड, व्यारा, बारडोली. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, आणि तिथला एक बाकही तसाच वाटलेला आहे. हे सांगितलेलं मूल चिंचपाड्यापासूनच खिडकीला नाक लावून बसतं. कोडी घाला, गोष्ट अर्धी सांगून पुढची त्याच्याकडून ऐका.

*काय देऊ नका:* चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नका. बसस्थानकावरचा तो शेंगदाण्याचा पुडा म्हणजे श्वासनलिकेत दाणा अडकण्याचा धोका. केळं, पोळी, मऊ भात चालेल. आणि मोटारसायकलवर झोपाळलेलं मूल मध्ये दाबून नेऊ नका. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा हा नियम आहे. तो पोलिसांसाठी नाही, मुलासाठी आहे.

ज्यांना हा सल्ला चेष्टा वाटेल

हे सगळं लिहिताना मला एक प्रवास विसरता येत नाही. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. रात्री, ट्रकमध्ये, भांडीकुंडी, सरपण आणि कोयत्यांबरोबर, बोचक्यांच्या ढिगावर बसलेली मुलं. त्या आईला "पिशवीतून एकेक खेळणं काढा" असं सांगणं ही थट्टा आहे. तिला मी एवढंच सांगेन: गुंगीचं काही देऊ नको, बाळाला अंगाशी धर, पाणी जवळ ठेव.

बाकीचं तिला नाही, मुकादमाला आणि कारखान्याला सांगायचं आहे. माणसं आणि सामान एका ट्रकमध्ये भरू नका. प्रवास दिवसा करा. वाटेत दोनदा थांबा. साखरेच्या पोत्याला ताडपत्री मिळते, मग तीन वर्षांच्या पोराला बसायला जागा का नाही? मूल रडू नये असं खरंच वाटत असेल तर आधी रडण्याचं कारण काढा.

औषध दुकानदारांना आणि माझ्याच व्यवसायबंधूंना

"प्रवासासाठी" म्हणून मागितलेलं सिरप देऊ नका. तुम्ही नाही दिलं तर शेजारचा देईल, हे मला माहीत आहे. तरीही देऊ नका.

आणि पालकांनो, सिरप आधीच पाजलं असेल, आणि मूल हाक मारूनही नीट जागं होत नसेल, श्वास संथ किंवा घुरघुरता असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके आले, तर प्रवास तिथेच थांबवा. 108 ला फोन करा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, आणि बाटली सोबत न्या. काय आणि किती पाजलं ते लपवू नका. तिथे कोणी तुम्हाला रागावलं तरी चालेल, पण मुलावर योग्य उपचार व्हायला हवेत.