नोंदवहीबाहेरचे बंडखोर

युक्रेनचा कोसॅक उमराव बोग्दान ख्मेल्नित्स्की याची सुबोतिव येथील जहागीर एका पोलिश अधिकाऱ्याने बळकावली. दरबारी दाद मागूनही न्याय मिळाला नाही, तेव्हा तो झापोरोझ्येच्या कोसॅक छावणीत गेला. १६४८ साली त्याने पोलिश सत्तेविरुद्ध उठाव पुकारला. क्रिमियाच्या खानाशी संधान बांधून त्याच वर्षीच्या मे महिन्यात झोव्ती वोदी व कोर्सुन येथे त्याने पोलिश फौजांचा धुव्वा उडवला.

एका उमरावाच्या खाजगी गाऱ्हाण्याचे रूपांतर जनयुद्धात झाले, ते मात्र केवळ त्याच्या कर्तबगारीने नव्हे. बड्या सरदारांच्या जमिनींवर वेठीने राबणारे भूदास हजारोंच्या संख्येने त्याला येऊन मिळाले, म्हणून ते झाले. त्यांना जमीनदारच नको होता.

नेत्याला काय हवे होते? त्याचे उत्तर १६४९ च्या झ्बोरिव येथील तहात सापडते. राजाने ४०,००० नोंदणीकृत कोसॅकांचे विशेषाधिकार मान्य केले. ज्यांची नावे त्या नोंदवहीत नव्हती, त्यांनी निमूटपणे आपापल्या धन्याकडे परतावयाचे होते! १६५१ मध्ये बेरेस्तेच्को येथील पराभवानंतर हा आकडाही २०,००० वर आला. ज्या खानाच्या बळावर विजय मिळाले, त्याच्याच फौजांनी युक्रेनी खेडुतांना गुलाम म्हणून धरून नेले.

या उठावाचे दुसरे काळे पान झाकून चालणार नाही. काही ज्यू हे सरदारांचे मक्तेदार होते; परंतु नेमिरिव व तुल्चिन येथे कत्तल झाली ती सामान्य ज्यू स्त्री-पुरुषांची आणि मुलांची. शोषणाविरुद्धचा संताप धर्मद्वेषाच्या वाटेने वळला की खरा शोषक निसटतो आणि शेजारी मारला जातो.

१६५४ मध्ये पेरेयास्लाव येथे ख्मेल्नित्स्कीने रशियाच्या झारशी एकनिष्ठतेची शपथ घेतली. १६५७ मध्ये तो मरण पावला. १६६७ साली पोलंड व रशियाने द्नीपर नदीच्या काठाने युक्रेनची वाटणी केली. १७८३ मध्ये सम्राज्ञी कॅथरीनने रशियाच्या वाट्याच्या युक्रेनमधील शेतकऱ्यांना पुन्हा जमिनीशी जखडून टाकले.

झारशाहीच्या काळात, १८८८ मध्ये, कीव्हला त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९४३ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्याच्या नावे लष्करी पदक सुरू केले. सत्ताधीशांना असा वीर सोयीचा असतो. चळवळीतील कार्यकर्त्याने मात्र पुतळ्यापेक्षा तहाची कलमे वाचावीत आणि प्रत्येक तडजोडीच्या वेळी विचारावे: जे लढले, त्यांपैकी कितीजणांची नावे यादीत आहेत?