मिठाचा पाव आणि मुरडलेली नाकं

मुक्काम पोस्ट भिलाई. मागच्या महिन्यात आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर मी घरी भाजलेल्या पावांचा फोटो टाकला. फिलिपिन्सचे लोक रोज सकाळी कॉफीत बुडवून खातात तो पांदेसाल. उत्तरं आली ती अशी. एक म्हणाला, परक्यांचं खाणं कशाला? दुसरा म्हणाला, मैदा म्हणजे विष. आणि एका निवृत्त सुभेदार साहेबांनी विचारलं, "काय, वहिनी गावाला गेल्यात वाटतं?" तिथे वाद घातला नाही. इथे घालतो, कारण ते तिसरं वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आधी परकेपणाचं बघू. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि गावंच्या गावं बाटली, ही गोष्ट कोकणात आज्यांच्या तोंडून आपण सगळ्यांनी ऐकली आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. फिरंगी गेला, पाव राहिला. शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. आज त्याच पावात वडा घालून आपण तो महाराष्ट्राची ओळख म्हणून मिरवतो. मिरची, बटाटा आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, तिन्ही अमेरिका खंडातून आले. एकादशीला खिचडी चापणाऱ्याने मला आपलं-परकं शिकवू नये. त्या बाटण्याच्या भीतीची एक खूण मात्र अजून शिल्लक आहे असं मला वाटतं. पाव विकत आणायचा, घरी करायचा नाही. गोव्यात पोदेर भाजणार, मुंबईत इराणी भाजणार, आपण फक्त खाणार.

आणि मी बसलोय कुठे, तर भिलाईत. हे गावच भट्टीवर उभं आहे. सोव्हिएत मदतीने बांधलेली इथली पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. आपल्या नव्या विक्रांतसाठी ज्या कारखान्यांतून पोलाद गेलं त्यांत भिलाई आहे. त्या पोलादाला कुणी रशियन म्हणत नाही. मग माझ्या स्वयंपाकघरातल्या वीतभर भट्टीनेच काय घोडं मारलंय?

फिलिपिन्स म्हटलं की मराठी माणसाला आठवतो मॅगसेसे पुरस्कार. 1958 साली विनोबा, 1985 मध्ये बाबा आमटे, 2008 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. फौजी माणसाला आता ब्रह्मोसही आठवतं. एप्रिल 2024 मध्ये पहिली खेप तिकडे पोचली. क्षेपणास्त्र देताना ते लोक आपले मित्र, आणि त्यांचा पाव खाताना परके? मला हे गणित सुटत नाही.

हा पाव मला कळला तो मावसभावामुळे. तो रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत. जहाजावर निम्मे खलाशी फिलिपिनो, आणि गॅलीतला आचारीही. पांदेसाल म्हणजे स्पॅनिशमध्ये मिठाचा पाव, पण चवीला तो किंचित गोडच. देश भात खाणारा, गहू जवळपास सगळा बाहेरून आणतात, तरी सकाळी पाव हवाच. रात्रीचा भात उरला तर सकाळी लसणावर परततात, म्हणजे आपला फोडणीचा भात. छत्तीसगडही भाताचाच मुलूख. इथे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी बासी खातात, आणि तांदळाच्या पिठाची जाड अंगाकर रोटी पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. त्यांच्याकडे पान दे कोको नावाचा एक पाव आहे. त्याच्या पोटात खोबरं आणि कच्च्या साखरेचं सारण असतं. आपल्या मोदकाचंच म्हणा ना! बाहेरचं काही आणावं लागतच नाही. सगळं सामान सुपेल्याच्या बाजारात मिळतं.

मैद्याचं म्हणाल तर तक्रार बरोबर आहे. मैदा पौष्टिक नाही, साखरही आहे. रोज दहा खा असं मी सांगत नाही. पण हा उपदेश करणारे दुकानातला ब्राऊन ब्रेड निर्धास्त खातात, त्याच्या पाकिटावर मैदा आणि कॅरामेलचा रंग लिहिलेला असला तरी. 2016 साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने ब्रेड-पावाचे 38 नमुने तपासले, 84 टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. त्याच वर्षी सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. घरच्या पावात काय पडलं ते मला माहीत असतं, कारण मी ते वजन करून घातलेलं असतं.

आता सुभेदार साहेबांचं वाक्य. साहेब, वहिनी घरीच आहेत. बाहेर खुर्चीत पेपर वाचतायत. आपल्या लंगरात कणीक कोण मळत होतं? पुरुष. पहाटे चारला उठून शंभर माणसांच्या पुऱ्या कोण तळत होतं? पुरुष. तुम्ही-आम्ही पोस्टवर बर्फ वितळवून चहा केला, स्टोव्हवर खिचडी शिजवली, आणि त्याच्या गप्पा अजून छाती फुगवून मारतो. मग गणवेश उतरला की पाण्याचा ग्लाससुद्धा हातात का लागतो? तिने वीस-पंचवीस वर्षं क्वार्टर बदलले, मुलांच्या शाळा बदलल्या, फील्ड पोस्टिंगला एकटीने घर ओढलं. पेन्शन सुरू झाल्यावर तिच्या वाट्याला काय येतं, तर दिवसभर घरात बसून हुकूम सोडणारा एक जास्तीचा माणूस! ओळखीतल्या किती घरांत हे बघतोय. पाव ही निवृत्त माणसाची जागा आहे. वेळ लागतो, तो आपल्याकडे आहे. मळायला जोर लागतो, तोही आहे. फक्त तिला "हे कर, ते दे" म्हणत मदतनीस बनवायचं नाही.

यासाठी महागडं मशीन लागत नाही, परदेशी पीठ लागत नाही. 500 ग्रॅम मैदा, 300 मिली कोमट दूध, 70 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम लोणी. दहा-बारा मिनिटं जोर लावून मळा. आधी हाताला चिकटेल, वरून पीठ मारत बसू नका. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. भिलाईच्या मे महिन्यात दूध फ्रीजमधलं थंड घ्या, अर्ध्या-पाऊण तासात फुगून येतं. डिसेंबरात दुप्पट वेळ धरा. मग लांब वळकटी करा, टोस्टच्या चुऱ्यात लोळवा, वीस तुकडे कापा. कापलेली बाजू चुऱ्यात बुडवून वर ठेवा. पुन्हा फुगले की ओटीजीत 180 अंशांवर साधारण पंधरा मिनिटं. ओटीजी नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रबर काढून भाजा. वरून रंग फिका येतो, चव तीच. पीठ लागलेली परात लगेच पाण्यात टाका, वाळलं की निघत नाही. आणि ती तुम्हीच घासा.