पारंपरिक नावाचा कवी

गेल्या शनिवारची गोष्ट. दादरहून घरी, म्हणजे घोडबंदरला, परत येत होतो. काशिमिरा मागे पडलं आणि वरसाव्याच्या अलीकडे गाडी नेहमीसारखी ठप्प झाली. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "काहीतरी जुनं लाव रे, हे धडधड नको." गाण्याच्या अ‍ॅपवर नेमका एक नवाकोरा अल्बम समोर आला. जुनी मराठी लोकगीतं, रीमास्टर्ड. मुखपृष्ठावर हिरवंगार शेत, नऊवारीतली बाई, डोक्यावर घागर. यादीत 'माझी मैना गावावर राहिली' दिसलं. लावलं.

साडेतीन मिनिटांत गाणं संपलं. बाबा दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "झालं? अरे, यातली मुंबई कुठाय? आणि बेळगाव कुठे गेलं?"

ट्रॅफिक हलायचं नाव घेत नव्हता, म्हणून गाण्याची माहिती उघडून बघितली. गायकाचं नाव होतं. कंपनीचं होतं. साल होतं, पण ते या नव्या आवृत्तीचं. आणि गीतकाराच्या रकान्यात एकच शब्द: पारंपरिक.

मंडळी, तेव्हापासून डोकं फिरलंय. आज रविवार आहे, म्हणून लिहून मोकळा होतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. 'माझी मैना' ही छक्कड अण्णा भाऊ साठे यांनी लिहिली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात. अण्णा भाऊ 1 ऑगस्ट 1920 ला वाटेगावात जन्मले, लहानपणी कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईला आले, गिरणीत राबले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. या पथकाच्या कार्यक्रमांना पुढे सरकारी बंदीही सोसावी लागली. गाण्यातला माणूस पोटासाठी मुंबईत आलाय, बायको गावी राहिलीय. आधी तिची आठवण येते. मग मुंबईतली श्रीमंती आणि त्याची स्वतःची परवड. आणि शेवटी तो म्हणतो की माझी आणि मैनेची जशी ताटातूट झाली तशीच या तोडलेल्या महाराष्ट्राची झालीय. बेळगाव तिथे येतं. सगळं गाणं त्या वळणासाठी उभं केलंय. नव्या आवृत्तीत बायकोचं वर्णन ठेवलंय आणि बाकीचं कापलंय. म्हणजे एका राजकीय गाण्याचं प्रेमगीत झालं, कवीचं नाव गेलं, आणि वर घागरवाली बाई!

माझे आजोबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा जे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक. संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही, आणि आजोबा परत कधी आत गेले नाहीत. लालबागची खोली विकून भाईंदरला आले, भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम केलं. त्यांच्याकडे टेप नव्हता, रेकॉर्ड तर लांबच. पण हे गाणं त्यांना अख्खं पाठ होतं आणि बाबांना ते त्यांच्यामुळे पाठ झालं. बेळगाव कुठे गेलं, हा प्रश्न अ‍ॅपला पडणार नाही, मला पडला नसता. बाबांना पडला. उद्या बाबा नसतील तेव्हा कोण विचारणार?

आता जरा वेगळीकडे जातो, पण मुद्दा तोच आहे.

कॉलेजात माझा रूममेट विचित्र संगीत ऐकायचा. त्याच्यामुळे कळलं की पश्चिमेत 'इंडस्ट्रियल' नावाचा संगीतप्रकारच आहे. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने 1976 साली इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची कंपनी काढली, तिथून ते नाव पडलं. त्या वळणातले काही लोक पुढे गोंगाट आणि टेपचे तुकडे सोडून गिटार घेऊन लोकगीतांसारखं गायला लागले, त्याला निओफोक म्हणतात. करंट 93 हा त्यातला मोठा बँड, स्थापना 1982. (हो, आपल्या संपाचंच वर्ष.) त्यांचा 'थंडर परफेक्ट माइंड' 1992 चा. असल्या अल्बमची नवी आवृत्ती निघते तेव्हा या प्रकाराचे मूठभर चाहते काय काय तपासतात, ते मी रूममेटकडे बघितलंय. मूळ टेप कुठली, कुणी साफ केली, कोणतं गाणं नव्याने घातलं, कुणाचं नाव राहिलं. एक वादक सुटला तरी बोंब!

आणि ही मंडळी बरीचशी कलेतले प्रयोग करणारी. कारखान्यात पाळी भरलेली नव्हेत. आपल्याकडे खरोखर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी डफ-तुणतुणं घेऊन गाणी केली, गिरणीच्या गेटवर गायली. इंडस्ट्रियल लोकसंगीत याहून खरं कुठे मिळणार? आणि आपण त्यावर 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे.

धंद्याने मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे रकाना रिकामा का राहतो हे मला कळतं. जुन्या एमपीथ्री फायलींना शेवटी 128 बाइटची चिठ्ठी असायची. त्यात गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, शेरा आणि प्रकाराला फक्त एक बाइट. गीतकाराला जागाच नव्हती! त्या यादीत 19 म्हणजे इंडस्ट्रियल आणि 80 म्हणजे फोक. दोनांतलं एकच निवडायचं. गिरणगावच्या गाण्याचं काय करायचं, हा प्रश्न त्या यंत्राला सुटणारा नव्हताच. पण ते जुनं झालं. नंतरच्या आवृत्तीत गीतकाराला वेगळी जागा आली, 2000 सालापासून तर मूळ प्रकाशनाच्या तारखेलाही आहे. म्हणजे आता नाव नसतं ते कुणी भरत नाही म्हणून.

यावर मित्रांशी वाद घातला. त्यांचे तीन मुद्दे.

पहिला: "लोकगीत ते, लोकांचं. नाव कशाला?" साफ चूक. लोकांनी उचललं म्हणून ते लोकांनी लिहिलं असं होत नाही. आपल्याकडे नावाची बेफिकिरी कधी नव्हतीच. अभंगाच्या शेवटी तुका म्हणे, नामा म्हणे असतं. पठ्ठे बापूराव लावणीत स्वतःचं नाव गुंफायचे. 1902 साली गौहरजानच्या तबकड्या निघाल्या तेव्हा ती शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या माणसांना गाणं कुणाचं ते कळायला हवं. सव्वाशे वर्षांपूर्वी लाखेच्या तबकडीत नाव मावत होतं. आता अख्ख्या सर्व्हरमध्ये मावत नाही?

दुसरा: "निदान नव्या पोरांपर्यंत पोचतंय ना?" पोचतंय, मान्य. मलाही ते अ‍ॅपमुळेच त्या ट्रॅफिकमध्ये सापडलं. पण अर्धं पोचवून वर उपकार कसले? जुन्या 78 च्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची, तेव्हा कापणं नाइलाज होता. आज दहा मिनिटांचं गाणं ठेवायला काय खर्च येतो ते मला विचारा. आणि रीमास्टर म्हणत त्यात इलेक्ट्रॉनिक ठेका घातलाय, तुणतुण्याची झणझण पुसलीय. त्याला रीमास्टर म्हणत नाहीत, तो नवा माल झाला. तसं लिहा की.

तिसरा: "तू कायद्याचं बोलतोयस, भावनेचं?" दोन्हीचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52अ आहे. ध्वनिमुद्रण कुणी केलं, हक्क कुणाचा आणि पहिल्यांदा कोणत्या साली निघालं, हे छापायला हवं. कलम 57 प्रमाणे आपलं लेखन आपलं आहे हे सांगण्याचा आणि त्याची बदनामीकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाला आहे, हक्क विकले तरी. अण्णा भाऊ 18 जुलै 1969 ला गेले. मृत्यूनंतर 60 वर्षं धरली तर त्यांच्या लेखनावरचा हक्क 2029 संपेपर्यंत चालू आहे. म्हणजे 'पारंपरिक' हे नुसतं आळशी नाही, खोटं आहे. आणि ज्या रकान्यात पारंपरिक लिहिलं त्या रकान्यातून कुणाला रॉयल्टी जात नाही, हेही लक्षात घ्या. आळसाला फायदा चिकटलेला असला की मला त्याचा संशय येतो.

आमच्या धंद्यातला एक फार सैल परवाना म्हणजे एमआयटी लायसन्स. कोड घ्या, बदला, विका, पैसे कमवा, काही म्हणणं नाही. एकच अट: मूळ माणसाच्या नावाची ओळ काढायची नाही. फुकट दिलेल्या कोडला आम्ही हा मान देतो. गिरणी कामगाराच्या गाण्याला तेवढाही नको?

अण्णा भाऊंचं 2002 साली टपाल तिकीट निघालं. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. दोन्ही चांगलंच झालं. पण पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी एकाने तरी त्यांच्या गाण्याच्या फायलीवर नाव आहे का ते बघावं. गिरण्यांच्या जागी मॉल आले तेव्हा निदान कुठे कुठे चिमणी तरी शोभेला ठेवली. इथे चिमणीसुद्धा पाडली.

तर माझं मागणं फार नाही. जुनं गाणं पुन्हा काढताना चार गोष्टी लिहा: कुणी लिहिलं, कुणी वाजवलं, पहिल्यांदा कधी निघालं, आणि कापलं असेल तर कापलंय म्हणून. आणि आपण ऐकणाऱ्यांनी 'पारंपरिक' दिसलं की एकदा शोधावं, चूक असेल तर त्या अ‍ॅपला कळवावं. मी कळवलंय. उत्तर आलं की 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे'. असो.

काल रात्री बाबांना समोर बसवलं आणि फोनवर अख्खं गाणं रेकॉर्ड केलं. मध्ये दोनदा अडले, एकदा खोकले, आईने कुकरची शिट्टी होऊ दिली. बेळगाव आलं. फाइल सेव्ह करताना गीतकार: अण्णा भाऊ साठे. गायक: बाबांचं नाव. शेऱ्यात आजोबांचं नाव आणि त्यांचं खातं.

ता. क. तुमच्या घरातही असं कुणी असेल, एखादी कॅसेट पडली असेल, तर याच आठवड्यात बसा. नावं आधी लिहा, आवाज नंतर साफ करा.