आयपीएलची मराठी कॉमेंट्री: चित्र अडकलं तर नुसत्या आवाजावर मॅच कळते का?

संध्याकाळी साडेसातला आयपीएलची मॅच सुरू होते आणि नागभीडमध्ये रोजचं दीड जीबीचं पॅक वापरणाऱ्याचं गणितही तिथूनच सुरू होतं. व्हिडिओ 1 एमबीपीएसने येत असेल तर तासाला 450 एमबी जातात. मॅच साडेतीन तासांची धरा. दिवसभर एकही रील पाहिली नसली, तरी शेवटच्या ओव्हरच्या आधी पॅक संपलं!

आता फक्त आवाजाचा हिशोब करू. 64 केबीपीएसने तो तासाला जेमतेम 29 एमबी घेतो, म्हणजे अख्ख्या मॅचला साधारण 100 एमबी. मॅचमधली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज.

स्ट्रीमिंगमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तुकड्यांत पाठवता येतात. काही सेकंदांचा एकेक तुकडा फोनवर उतरतो. नेटवर्क कमी झालं की ॲप चित्राचा हलका तुकडा मागवतं, म्हणून खेळाडूंचे चेहरे पुसट होतात. याच तुकड्यांच्या साठ्यामुळे शेजारच्या टीव्हीवर विकेटची आरडाओरड आधी होते आणि तुमच्या फोनवर बॉलर अजून रनअप घेत असतो. एकाच चित्राला अनेक भाषांचे आवाज जोडणंही याच रचनेमुळे सोपं जातं.

पाच वर्षांचे डिजिटल हक्क 23,758 कोटींना घेतल्यावर 2023 मध्ये जिओसिनेमाने 12 भाषांत मॅच दाखवल्या, त्यात मराठीही होती. केदार जाधव तेव्हा मराठी कॉमेंट्री करत होता. डेव्हिड विली जखमी झाला आणि मे महिन्यात आरसीबीने केदारला थेट संघात घेतलं. माइक ठेवून बॅट उचलायची वेळ किती कॉमेंटेटरवर येते! पुढे जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र आले, 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार सुरू झालं. फुकटची सोय आटली, पण भाषा राहिल्या.

मग अडचण कुठे आहे? अडचण बोलण्याच्या पद्धतीत आहे. ‘काय शॉट आहे, कमाल!’ हे वाक्य टीव्हीसमोर बसलेल्याला पुरतं. घोडाझरीच्या जंगलाकडेच्या रस्त्यावर चित्र गोल फिरत बसलं आणि फक्त कानात इअरफोन उरला, तर बॉल कव्हरमधून गेला की मिडविकेटवरून, चार मिळाले की कॅच सुटला, काहीच कळत नाही. कॉमेंट्री मराठी आहे, पण ती चित्र दिसतंय असं धरून चाललेली आहे. (ती मराठीही बहुतेक मुंबई-पुण्याची. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या झाडीपट्टीचा आवाज तिथे कधी येईल, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

अमेरिकेत हा फरक नीट सांभाळलाय. त्यांच्या फुटबॉलची, म्हणजे एनएफएलची, रविवार रात्रीची मॅच एनबीसीवर लागते. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात 5:50. माइक टिरिको खेळ सांगतो आणि क्रिस कॉलिन्सवर्थ रिप्लेवर डावपेच उलगडतो. एक चाल काही सेकंदांत संपते, पुढची सुरू करायला 40 सेकंदांपर्यंत वेळ असतो. त्या फटीतच ही जोडी जगते. दोघंही प्रेक्षकाला चित्र दिसतंय असं धरूनच बोलतात. पण त्याच वेळी प्रत्येक संघाची स्वतःची रेडिओ कॉमेंट्री चालू असते. तिथे बॉल कोणाकडे आहे, किती यार्ड उरलेत, हे सगळं तोंडाने सांगावंच लागतं. गाडी चालवणाऱ्यालाही मॅच पूर्ण मिळते.

हे आपल्याला नवीन नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून धावतं समालोचन केलं, ते डोळ्यांशिवाय क्रिकेट दाखवायचंच काम होतं. आज स्मार्टफोन आहे, मराठी कॉमेंटेटर आहेत, 100 एमबीत मावणारा आवाज आहे. नाही ते एवढंच, की या आवाजाला रेडिओसारखं बोलायला कोणी सांगितलेलं नाही.

तोपर्यंत ॲपमध्ये व्हिडिओ क्वालिटी ‘ऑटो’वरून काढून सगळ्यात खालच्या पर्यायावर आणा आणि भाषा मराठी निवडा. कोणती भाषा किती लोक ऐकतात, हे कंपनीला सर्व्हरवर दिसतं आणि पुढच्या सीझनला कुठल्या माइकवर खर्च करायचा ते ठरवताना हाच आकडा समोर असतो. ॲपच्या फीडबॅकमध्ये एक ओळ लिहा: मराठीसाठी ‘फक्त आवाज’ असं बटण द्या, आणि त्या बटणामागे बॉल कुठे गेला ते सांगणारा माणूस बसवा.