वळचणीपासून आढ्यापर्यंत

छप्पर कसं आहे हे जोखायचं तर आधी त्याच्या कडेकडे बघावं. अख्ख्या पाख्यावरचं पाणी उतरून वळचणीला येतं, वारा आत शिरतो तो तिथूनच, आणि लाकूड कुजायला लागतं तेही तिथूनच. न्यूकॅसलमधल्या आमच्या वस्तीत घरोघरी मागच्या बागेत एक लाकडी शेड असते. येता-जाता कुंपणांवरून त्यांच्या वळचणी दिसतात आणि बऱ्याच ठिकाणी चित्र एकच असतं. भिंती धड, दार धड, पण कडेला हिरव्या फेल्टच्या चिंध्या लोंबतायत आणि त्यांच्याखाली फळीचं टोक काळं पडलंय. शेड विकत घेताना लोक लाकूड ठोकून बघतात, कडी-कोयंडा हलवून बघतात. वर काय घातलंय हे सहसा कुणी विचारत नाही.

आपल्याकडे जे माळ्यावर, पडवीत किंवा जिन्याखाली जातं ते इथे शेडमध्ये जातं: गवत कापायचं यंत्र, सायकली, रंगाचे डबे, कुंड्या, फावडी. आठ फूट बाय सहा फुटांची ही खोली इंग्लंडच्या जगण्यात फार आतवर रुजली आहे. १९०८च्या कायद्यानं लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे भाड्यानं देण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. त्या तुकड्यांवरही अवजारांसाठी अशाच शेड उभ्या राहिल्या. बर्नार्ड शॉ अयट सेंट लॉरेन्सच्या बागेत उन्हाच्या दिशेनं फिरवता येणाऱ्या झोपडीत बसून लिहीत, आणि रोआल्ड डाल ग्रेट मिसेंडनला घरामागच्या छोट्या खोलीत. कोरड्या जागेची किंमत या पावसाळी देशाला नीट कळते. म्हणून तर त्या जागेच्या छपराची इतकी हेळसांड बघून मला वाईट वाटतं.

शेडबरोबर जे येतं ते साधं फेल्ट. एक मीटर रुंदीची गुंडाळी, डांबर पाजलेली, वर बारीक हिरवी खडी चिकटवलेली. पाख्यावर आडव्या पट्ट्या उलगडायच्या, कडेनं खिळे ठोकायचे, संपलं काम. स्वस्त आणि झटपट. पण या पद्धतीतच तिचा शेवट ठरलेला असतो. खालच्या फळ्या हिवाळ्यात ओल पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. वरचं फेल्ट मात्र कडेपासून कडेपर्यंत अखंड आणि चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडलेलं. नवं असेपर्यंत डांबर लवचीक असतं, फळ्यांची ही हालचाल ते सोसतं. पुढे ऊन आणि हवा खाऊन ते कडक होतं. मग फळी हलली की खिळ्याच्या डोक्याभोवतीचं भोक थोडं मोठं होतं, पुढच्या हिवाळ्यात आणखी थोडं. एक दिवस वारा त्या सैल कडेखाली शिरतो आणि अख्खी पट्टी सोलून काढतो.

२०२१च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेच्या मधल्या रात्री, आर्वेन नावाचं वादळ आलं. नॉर्थम्बरलंडमधल्या ब्रिझली वुड इथे ताशी ९८ मैलांचा झोत नोंदवला गेला, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर. पण या वादळानं एवढं नुकसान केलं ते केवळ वेगामुळे नव्हे. इथला नेहमीचा जोराचा वारा पश्चिमेचा, नैऋत्येचा. झाडांची मुळंसुद्धा त्याच वाऱ्याला तोंड द्यायला घट्ट झालेली. आर्वेन आलं ईशान्येकडून. एरवी ज्या बाजूकडे कुणी बघत नाही त्या बाजूनं त्यानं झाडं पाडली, छपरं उचकटली. आमच्या शेडचं एक पाखं त्या रात्री उघडं पडलं. त्यावर पुन्हा फेल्ट न घालता शिंगल घालायच्या असं ठरलं ते शेजारच्या गृहस्थांमुळे. त्यांचं सगळं आयुष्य छपरं करण्यात गेलेलं. त्यांनी फाटलेली कड हातात घेतली, दुमडून बघितली, ती कटकन मोडली. “एवढा मोठा तुकडा वाऱ्याच्या हातात द्यायचाच कशाला?” एवढंच ते म्हणाले.

शिंगल म्हणजे त्याच मालाचा कापलेला तुकडा. ही कल्पना अमेरिकेतली. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात हेन्री रेनॉल्ड्स नावाच्या कंत्राटदारानं १९०३च्या सुमारास डांबरी फेल्टच्या गुंडाळ्या कापून त्यांचे लहान तुकडे छपरावर रचायला सुरुवात केली. तोवर छपराचे असे तुकडे लाकडाचे किंवा पाटीच्या दगडाचे असत. सुरुवातीचं फेल्ट कापडाच्या चिंध्यांपासून होई. आता आत काचेच्या धाग्यांची चटई असते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी बिट्युमेन आणि वर दगडाची खडी. ही खडी शोभेची नाही. सूर्याच्या अतिनील किरणांना ती अडवते. ती झडली की खालचं डांबर उघडं पडून तडकायला लागतं. जुन्या छपराच्या पन्हळीत वाळूसारखी खडी साठलेली दिसली तर छपराचं वय झालंय असं खुशाल समजावं.

एक शिंगल साधारण मीटरभर लांब आणि फूटभराहून थोडी जास्त उंच. खालच्या अर्ध्या भागात दोन चिरा, त्यामुळे तिला तीन जिभा असल्यासारख्या दिसतात. लावल्यावर डोळ्यांना दिसतात त्या फक्त या जिभा, जेमतेम चौदा सेंटिमीटर. वरचा सगळा भाग पुढच्या ओळीखाली जातो. म्हणजे छपरावर कुठेही बोट ठेवा, खाली किमान दोन थर असतातच, आणि काही पट्ट्यात तीन. पैसे मोजून घेतलेल्या मालातला निम्म्याहून जास्त माल झाकला जातो. तो वाया गेला असं वाटणाऱ्यांनी ओळी विरळ करू नयेत. पाणी अडतं ते त्या झाकलेल्या भागावरच.

कामाची सुरुवात फळ्यांपासून. कुजलेली फळी बदलायची, वर आलेला प्रत्येक खिळा ठोकून बसवायचा, कारण खाली राहिलेलं टोक पुढे उन्हात मऊ झालेल्या शिंगलमधून वर येतं. शेडचं छप्पर पातळ असतं, अकरा-बारा मिलिमीटरचं. त्यावर माणसानं चढायचं नाही. शिडीवरून, कडेनं हात पोचवतच काम करायचं. खिळेही आखूड घ्यायचे, पसरट डोक्याचे आणि जस्ताचा मुलामा दिलेले, नाहीतर आत उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर टोकांचं रान. फळ्यांवर आधी फेल्टचा एक साधा थर. इथे फेल्ट आपल्या खऱ्या जागी असतं: ऊन नाही, वारा नाही, वरून चुकून आलेलं पाणी तेवढं अडवायचं.

आणि मग वळचणीची ओळ. शेजारच्या गृहस्थांनी सगळ्यात जास्त वेळ दिला तो याच ओळीला, जी काम झाल्यावर दिसतसुद्धा नाही. शिंगलच्या जिभा कापून टाकायच्या आणि उरलेली अखंड पट्टी वळचणीला, कडेपासून किंचित बाहेर काढून ठोकायची. बाहेर अशासाठी, की पाणी फळीच्या अंगाला चिकटून मागे न जाता सरळ खाली पडावं. आपल्या पागोळ्या पडतात तशी धार सुटायला हवी. ही पट्टी नसेल तर पहिल्या खऱ्या ओळीच्या चिरांमधून पाणी थेट खालच्या फेल्टवर येतं. पट्टीच्या कडेला डांबरी गोंदाचा पट्टा येईल असं बघायचं, म्हणजे वरच्या जिभा तिला चिकटतात आणि वाऱ्याला पहिलाच शिरकाव मिळत नाही.

त्यानंतर खडूची दोरी ताणून, झटकून सरळ रेघा मारायच्या आणि ओळीवर ओळ चढवत जायचं. दुसरी ओळ अर्ध्या जिभेनं सरकवून, म्हणजे खालची चीर वरच्या जिभेखाली येते आणि एकही चीर दुसरीच्या वर राहत नाही. प्रत्येक शिंगलला चार खिळे: दोन टोकांना आणि एकेक प्रत्येक चिरेच्या किंचित वर. त्याच खिळ्यात खालच्या ओळीच्या शिंगलची वरची कडही धरली जाते. खिळ्याचं डोकं बसायला हवं, रुतायला नको. फार जोरानं मारलेला खिळा काचेची चटई फाडतो. शिंगल कापायची ती मागच्या बाजूनं, कारण खडीवरून चालवलेलं पातं क्षणात बोथट होतं. मागे चिकटवलेली पारदर्शक फीत काही कंपन्यांच्या मालावर काढायची असते, काहींच्या मालावर तशीच ठेवायची. पाकिटावरचं वाचल्याशिवाय हात लावू नये.

हे सगळं करताना मला राजापूरकडच्या आमच्या घराची आठवण सारखी येत होती. वैशाखात कौलं चाळायला गडी यायचे. एकेक कौल उतरवायचं, शेवाळ झाडायचं, फुटकं बाजूला काढायचं, खालची रीप कुजली असेल तर नवी ठोकायची आणि वळचणीपासून पुन्हा आढ्याकडे रचत जायचं. मंगळूरला बाझल मिशनच्या कारखान्यात १८६५ मध्ये ही खाचेची कौलं व्हायला लागली आणि कोकणभर पसरली. एका चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास वजन. शेडच्या पातळ वाशांना ते झेपणारं नाही, शिंगलचं दहा किलोच्या आसपासचं झेपतं. पण रचनेचा विचार अगदी तोच. छोटे तुकडे, वरचा खालच्यावर चढलेला. लाकूड हललं तर तुकडे एकमेकांवर किंचित सरकतात, फाटत कुणीच नाही. बिघडलं तर एक बदलायचं, अख्खं पाखं नाही.

गेल्या काही वर्षांत गावाकडे गेलं की कौलांच्या जागी निळे-लाल पत्रे दिसतात. माकडं कौलं फोडतात, वर चढणारी माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. लोकांची अडचण खरी आहे आणि मुंबईत किंवा न्यूकॅसलमध्ये बसून त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. तरी वाटतं की पत्रा घालताना आपण मोठ्या तुकड्याची जोखीम पत्करतो हे माहीत असावं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलंही फुटली आणि पत्रेही उडाले. पण कौलं उडतात ती खेपेखेपेनं. पत्र्याची कड एकदा सुटली की सगळा पत्रा जातो आणि जिथे पडतो तिथे माणसाला मारू शकतो. पत्राच घालायचा तर कडेचे हूक आणि स्क्रू दुपटीनं लावा, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

जुन्या शेडबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. इथल्या काही जुन्या शेडवर आणि गॅरेजवर करड्या रंगाचे नागमोडी सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ब्रिटनमध्ये त्याच्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली. भारतात ते पत्रे अजून बनतात आणि विकलेही जातात. असे पत्रे तोडू नयेत, कापू नयेत, भोक पाडू नये. त्यांची धूळ फुप्फुसात जाते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो.

डांबराचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही सांगते. मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडाला पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला होता, इतकी जुनी ही विद्या. पण ते डांबर जमिनीतून पाझरून वर आलेलं. आपलं तेलशुद्धीकरणाच्या तळाशी उरणारं. शिंगल कुजत नाही, जाळायची तर अजिबात नाही. शेवटी ती कचरा केंद्रावरच न्यावी लागते. म्हणूनच एकदा घातलेलं छप्पर जास्तीत जास्त वर्षं टिकवणं मला महत्त्वाचं वाटतं.

आढ्याचं काम शेवटी येतं. शिंगलच्या तीन जिभा सुट्या कापायच्या आणि एकेक तुकडा दोन्ही पाख्यांवर वाकवून, एकावर एक चढवत न्यायचा. नेहमीचा वारा ज्या बाजूनं येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे तुकड्यांच्या उघड्या कडा वाऱ्याकडे पाठ करून राहतात. थंडीत तुकडा वाकवताना तडकतो, म्हणून तो आधी घरात ठेवून कोमट होऊ द्यायचा. जिभांखालचा गोंद उन्हाच्या उबेनं आपोआप चिकटतो, पण न्यूकॅसलच्या ऑक्टोबरात ती ऊब कुठली? तिथे प्रत्येक जिभेखाली नाण्याएवढा डांबरी गोंद हातानं लावावा लागतो. आढ्याला आणि वळचणीला तर उन्हाळ्यातसुद्धा लावावा.

मालाचं एखादं पाकीट जास्तच घ्यावं आणि शेडमध्ये आडवं, सपाट ठेवावं. एखादी शिंगल फाटली तर थंड सकाळी ती बदलायची, कारण थंडीत जुना गोंद ठिसूळ असतो. पातळ पत्ती सरकवून वरच्या दोन ओळींच्या जिभा सोडवायच्या, खिळे काढायचे, फाटकी ओढून नवी सरकवायची, चार खिळे मारायचे. मग सोडवलेल्या जिभांखाली गोंद लावून त्या दाबून बसवायच्या, आणि गोंद धरेपर्यंत त्यांच्यावर एक वीट ठेवायची.