काळ्या मातीत अडकलेला सामना

बुलढाणा जिल्ह्यात सुब्रोतो फुटबॉल चषकाची शालेय फेरी ऐन पावसाळ्यात येते. इथली काळी माती कपाशीला पोसते. पण भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच तुंबते. वरून सुकलेल्या मैदानातही आत चिखल असतो, घोटा मुरगळायला तेवढा पुरे. अशा वेळी सामना पुढे ढकलणे योग्यच.

पण चिखली, खामगाव, मेहकरहून एसटीने आलेल्या पोरांचे, त्यांच्यासाठी घसा फोडायला आलेल्या सोबत्यांचे काय?

१९७४ च्या विश्वचषकात फ्रँकफर्टला अग्निशमन दलाने पाणी उपसले आणि पश्चिम जर्मनी-पोलंड सामना उशिरा का होईना, झाला. आपल्याकडे तेवढी साधने नाहीत. तरी मैदानाची पाहणी पहाटेच करून शाळांना फोन करता येतो, राखीव तारीख आधीच जाहीर करता येते. मैदानाभोवतीचे चर मात्र उन्हाळ्यातच खणायला हवेत.