हरलेल्यांची यादीही वाचा

डीन लिंड हे नाव कधी ऐकलंय? बहुतेक नाहीच. टायगर वूड्स मात्र नक्की ऐकलंय. या दोघांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांचीही नावं यूएस ज्युनिअर ॲमॅच्युअर या स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत आहेत. अमेरिकेतली ही मुलांची गोल्फ स्पर्धा १९४८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या कोर्सवर पहिल्यांदा झाली आणि लिंड तिचा पहिला विजेता ठरला.

‘गोल्फ? आणि तेही अमेरिकेतलं? आमचा काय संबंध?’ असं म्हणून पान उलटू नका. आपल्याकडे वर्षभर कुठला ना कुठला निकाल लागतच असतो. बारावी, नीट, जेईई, एमपीएससी. प्रत्येक निकालानंतर हसऱ्या चेहऱ्यांचे फ्लेक्स लागतात आणि बाकीचे सगळे आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. या बाकीच्यांसाठी या स्पर्धेचा इतिहास वाचण्यासारखा आहे. फक्त तो विजेत्यांच्या बाजूने न वाचता दुसऱ्या बाजूने वाचायला हवा.

आधी फॉरमॅट समजून घेऊ. पहिले दोन दिवस सगळे खेळतात, कमीत कमी फटक्यांत खेळ संपवणारे ६४ जण पुढे जातात. तिथून मॅच प्ले, म्हणजे एकास एक. जास्त होल जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. आठवडा संपतो तेव्हा त्या ६४ पैकी ६३ जण हरलेले असतात. दरवर्षी, न चुकता.

१९४८ च्या त्या पहिल्या फायनलमध्ये लिंडसमोर हरलेला मुलगा होता केन व्हेंच्युरी, सॅन फ्रान्सिस्कोचा. लहानपणी तो इतका अडखळत बोलायचा की, लोकांत मिसळावं लागू नये म्हणून एकट्याने खेळायचा खेळ त्याने निवडला. पहिली मोठी फायनल हरला. १९५६ च्या मास्टर्समध्ये तीन दिवस आघाडीवर राहून शेवटच्या दिवशी ८० फटके मारले आणि एका फटक्याने हरला. मग आलं १९६४ चं यूएस ओपन. तेव्हा शेवटच्या दिवशी ३६ होल खेळावे लागत. वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर भाजून काढणारं ऊन होतं. मधल्या सुट्टीत डॉक्टरने त्याला, खेळलास तर जिवावर बेतेल, असं बजावलं. तो खेळला आणि जिंकला. पुढच्याच वर्षापासून ही स्पर्धा चार दिवसांची झाली. आणखी गंमत पुढे आहे. बोलताना अडखळणारा हा माणूस नंतर सुमारे ३५ वर्षं टीव्हीवर गोल्फची कॉमेंट्री करत होता.

जॅक निक्लॉसचंही तेच. १९५३ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी तो या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला. पहिल्या सामन्याला इतक्या काठावर पोहोचला की आणखी अर्धा मिनिट उशीर झाला असता तर पहिला होल न खेळताच गमावला असता. पुढे त्याने १८ मेजर स्पर्धा जिंकल्या. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. पण ज्युनिअर ॲमॅच्युअर? ती त्याला कधीच जिंकता आली नाही.

आता टायगर. १९९१ मध्ये तो १५ वर्षांचा असताना जिंकला, मग १९९२, मग १९९३. त्याच्याआधी कुणाही मुलाला ही स्पर्धा दोनदाही जिंकता आली नव्हती. (त्याच्यानंतर एकापेक्षा जास्त वेळा जिंकला तो जॉर्डन स्पिथ, २००९ आणि २०११ मध्ये.) १९९३ ची फायनल पोर्टलंडला होती. दोन होल उरले होते आणि टायगर दोनने मागे होता. समोर होता रायन आर्मर. त्याला उरलेल्या दोनपैकी एक होल नुसता बरोबरीत सोडवला तरी पुरलं असतं. टायगरने दोन्ही होलवर बर्डी मारली आणि जादा होलवर सामना जिंकला. टायगरची ही गोष्ट सगळेच सांगतात. आर्मरची कोण सांगतो? तो खेळत राहिला. पीजीए टूरवरची त्याची पहिली स्पर्धा त्याने २०१७ मध्ये जिंकली. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, त्या फायनलला २४ वर्षं झाली होती. १९९२ ला टायगरकडून हरलेला मार्क विल्सनही पुढे पीजीए टूरवर पाच वेळा जिंकला.

मुलींची स्पर्धा १९४९ मध्ये सुरू झाली. तिची पहिली विजेती मार्लिन बाउअर पुढच्याच वर्षी महिलांची व्यावसायिक संघटना, म्हणजे एलपीजीए, स्थापन करणाऱ्या तेरा जणींपैकी एक होती. तेव्हा तिचं वय होतं १६! मुलींच्या यादीत उलट दिशेची गोष्टही सापडते. नॅन्सी लोपेझने ज्युनिअर स्पर्धा दोनदा जिंकली, पुढे एलपीजीएच्या ४८ स्पर्धा जिंकल्या. पण यूएस विमेन्स ओपन तिला शेवटपर्यंत मिळालं नाही. चारदा दुसरी आली. १९७७ मध्ये तिला मागे टाकणारी होती हॉलिस स्टेसी, तीही या ज्युनिअर स्पर्धेची तीन वेळची विजेती. कमी वयात जिंकलं म्हणजे पुढचं सगळं आपोआप मिळतं, हाही समज इथे मोडतो.

आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर अक्षय भाटिया. कॅलिफोर्नियात जन्मलेला, भारतीय वंशाचा. २०१८ ची फायनल तो ३६ होलनंतर अवघ्या एका होलने हरला. जिंकलेल्या मायकेल थॉर्बजॉर्नसनला यूएस ओपनचं थेट तिकीट मिळालं. तो कॉलेजला गेला. अक्षयने कॉलेजचा रस्ता सोडून १७ व्या वर्षी व्यावसायिक व्हायचं ठरवलं आणि २०२४ मध्ये टेक्सास ओपन जिंकून थेट मास्टर्स गाठलं. दोघांचे रस्ते वेगळे, आणि आज दोघंही पीजीए टूरवर खेळतात.

‘हे सगळं ठीक आहे, पण ही पुढे यशस्वी झालेल्यांचीच उदाहरणं आहेत ना?’ असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणार. विचारायलाच हवं. दरवर्षी हरणाऱ्या ६३ पैकी बहुतेकांची नावं पुन्हा कधीच ऐकू येत नाहीत. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे शाळेच्या भिंतीवर रंगवायला छान वाटतं, पण पायरीच्या पुढे जिनाच नसेल तर? त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की, या हरलेल्यांना पुढचा सामना खेळायला मिळाला कसा?

उत्तराचा एक भाग त्यांच्या चिकाटीत आहे. दुसरा भाग जमिनीत आहे. व्हेंच्युरी शिकला तो सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीच्या हार्डिंग पार्कवर. त्याचे वडील तिथलं गोल्फच्या सामानाचं दुकान सांभाळायचे. नॅन्सी लोपेझचे वडील न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावात गाड्यांच्या बॉडी दुरुस्तीचं गॅरेज चालवायचे. ती गावातल्या सार्वजनिक कोर्सवर वाढली आणि शाळेत मुलांच्या टीममधून खेळली. हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत जायला या मुलांकडे एक मैदान होतं.

ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांचं काय? ते हरलेल्यांच्या यादीतही सापडणार नाहीत. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत ‘सदस्यत्व फक्त गोऱ्यांना’ असं चक्क लिहिलेलं होतं. ते कलम निघालं १९६१ मध्ये. १९९० मध्येही अलाबामातल्या शोल क्रीक क्लबवर मोठी स्पर्धा भरायची होती, आणि क्लबमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. संस्थापकाने त्याचं उघड समर्थन केलं, गदारोळ झाला, जाहिरातदार मागे हटले. मग असे क्लब यजमानपदासाठी चालणार नाहीत, असे नियम झाले. पुढच्याच वर्षी टायगर आपला पहिला ज्युनिअर करंडक जिंकला. २००८ मध्ये हीच ज्युनिअर स्पर्धा शोल क्रीकवर झाली. दार उघडायला किती वर्षं लागली, ते तुम्हीच मोजा.

आता आपल्याकडे बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये बेंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. त्या शनिवारी पहाटे आपल्यापैकी कितीतरी जण गोल्फचे नियम गुगल करत टीव्हीसमोर बसले होते. त्यातल्या एखाद्या मुलीला दुसऱ्या दिवशी गोल्फ खेळून बघावंसं वाटलं असेल तर ती जाणार कुठे? आपल्याकडचे बहुतेक कोर्स क्लबचे नाहीतर लष्कराचे. गेटवर पहिला प्रश्न मेंबरशिपचा. गेटच्या आत जायचा एक जुना रस्ता आहे तो कॅडीचा, दुसऱ्याची बॅग उचलण्याचा. दिल्लीचा अली शेर त्याच रस्त्याने गेला आणि टायगरने पहिला करंडक जिंकला त्याच १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. बॅग उचलता उचलता किती अली शेर राहून गेले असतील?

हे फक्त गोल्फपुरतं नाही. एका परीक्षेनंतर पुढचा प्रयत्न कुणाला परवडतो? ज्याच्या घरी आणखी एका वर्षाचा क्लास आणि खोलीचं भाडं भरायची ताकद आहे, त्याला. बाकीच्यांसाठी पहिला निकालच शेवटचा ठरतो, आणि आपण त्याला ‘मेरिट’ म्हणून मोकळे होतो.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीपासून ही स्पर्धा अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांसाठी होती. २०१७ पासून आयोजकांनी मर्यादा एका वर्षाने वाढवली आणि अठरा वर्षांच्या मुलांनाही दार उघडलं. नियम माणसंच बनवतात आणि माणसंच बदलतात. तेव्हा पुढच्या वेळी कॉलेजच्या जिमखान्याच्या किंवा विद्यार्थी परिषदेच्या बैठकीला बसलात, वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठलंत, तर करंडकाची उंची किती ठेवायची यावर वेळ घालवू नका. पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी पुढची स्पर्धा कधी, आणि संध्याकाळी मैदानाचं गेट किती वाजेपर्यंत उघडं राहणार, एवढं विचारा.